घरी काडतुसं भरायला एकच पावडर घ्यायची, तर कोणती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याकडे ९ मिमी पिस्तूल, .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर (त्यात बहुतेक .३८ स्पेशलच झाडतात), एक .२२३ आणि एक .३०८ रायफल आहे. परवाना आहे, प्रेस आणि डाय (काडतुसं भरायची अवजारं) घेऊन झाल्या आहेत. आता फळीवर डब्यांची रांग लावायची नाही. सगळ्यांत चालेल अशी एक पावडर (काडतुसातली स्मोकलेस दारू) सांगा, आणि ओळखीच्या एकाकडे जुने डबे पडून आहेत ते घ्यावेत का, तेही सांगा.

आधी सरळ उत्तर देतो. चारही काडतुसांत चालणारी एक पावडर नाही. दोन घ्याव्या लागतील, एक पिस्तुलाची आणि एक रायफलीची. पण त्या दोन नीट निवडल्या तर तिसरीची गरज पुष्कळ वर्षं पडत नाही. निवडायच्या कशा, यातच बहुतेकांची गल्लत होते. लोक मॅन्युअल (कुठल्या काडतुसात कुठली पावडर किती भरायची याचं पुस्तक) उघडतात, आपल्या काडतुसाच्या तक्त्यात सर्वांत जास्त वेग कुठल्या पावडरीपुढे छापलाय ते बघतात आणि ती घेऊन येतात. दुसरं काडतूस आलं की दुसरा डबा, तिसरं आलं की तिसरा. बहुउपयोगी पावडर सहसा कुठल्याच तक्त्यात पहिली नसते. ती सगळ्या तक्त्यांत दुसरी-तिसरी असते, आणि आपल्याला तीच हवी असते.

एकच पावडर का चालत नाही, ते दाबाच्या आकड्यांवरून कळेल. अमेरिकेच्या सॅमी या मानक संस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा .३८ स्पेशलला १७,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) आहे, ९ मिमी आणि .३५७ मॅग्नमला ३५,०००, .२२३ ला ५५,००० आणि .३०८ ला ६२,०००. पिस्तुलाची नळी आखूड, गोळी नळीच्या मानाने हलकी आणि केस (काडतुसाचं पितळी कवच) लहान. तिथे पावडर झटकन जळून संपली पाहिजे, नाहीतर अर्धवट जळालेले दाणे गोळीच्या मागोमाग बाहेर पडतात. रायफलीत उलट असतं. केसमध्ये पावडर बरीच मावते, नळी लांब असते, आणि गोळी पुढे सरकत असताना मागून दाब टिकून राहायला हवा. पिस्तुलाची जलद पावडर रायफलीची केस भरून वापरली, तर गोळी इंचभर सरकायच्या आत दाब मर्यादेपार जातो आणि ॲक्शन (नळीचं मागचं तोंड बंद करणारी यंत्रणा) फुटते. इथे ‘बघू काय होतं’ म्हणायला जागाच नाही.

जळण्याचा वेग मुख्यतः दोन गोष्टींनी ठरवतात. एक म्हणजे दाण्याचा आकार आणि जाडी, दुसरी म्हणजे दाण्यावरचा जळणं मंद करणारा लेप. पातळ चकत्या जलद जळतात. नळीसारखे भोकाचे दाणे आतून-बाहेरून जळतात, त्यामुळे जळणारा पृष्ठभाग शेवटपर्यंत साधारण तेवढाच राहतो. गोल दाण्याचा पृष्ठभाग जळताना घटत जातो, म्हणून बॉल पावडरीत वेग लेपाच्या जोरावर आवरतात. सिंगल-बेस म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज. त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळलं की डबल-बेस. डबल-बेस तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा देते, पण ज्वाळा अधिक तापते. नवख्याने डब्यावर सिंगल की डबल हे बघत बसू नये, निवड त्यावर ठरत नाही.

बर्न रेटचे, म्हणजे जळण्याच्या वेगाचे, तक्ते सगळीकडे मिळतात. सर्वांत जलद वर, सर्वांत मंद खाली. हा फक्त क्रम आहे. तक्त्यात शेजारी असलेल्या दोन पावडरींत किती अंतर आहे ते त्यावरून कळत नाही, आणि काडतूस बदललं की क्रमही बदलू शकतो. ‘ही तिच्या शेजारचीच आहे, तेवढंच वजन भरतो’ हा हिशेब धोक्याचा आहे. नावांवरही जाऊ नका. एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ या दोन पावडरींचा आकडा एकच आहे, पण आयएमआरची जलद आहे. एच ४८३१ चा मोठा चार्ज (एका काडतुसात भरायचं पावडरीचं वजन) आयएमआर ४८३१ ने भरला तर दाब मर्यादेबाहेर जाईल. उलट काही पावडरी दोन नावांनी विकल्या जातात पण आहेत एकच: हॉजडन कंपनीची एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१, एच ११० आणि विंचेस्टर २९६, एच ४१४ आणि विंचेस्टर ७६०. हे कंपनीच सांगते म्हणून मी सांगतो. बाकी कुणी ‘अमुक म्हणजेच तमुक’ म्हणालं तर मान डोलवा आणि मॅन्युअल उघडा.

आता पिस्तुलाकडे येऊ. इथे ओढ असते ती सर्वांत जलद, सर्वांत स्वस्तात पडणाऱ्या पावडरीची. हिशेब खराच मोहात पाडतो. एका पौंडात ७,००० ग्रेन. समजा एका काडतुसाला ५ ग्रेन लागले तर पौंडात १,४०० काडतुसं, ४ ग्रेन लागले तर १,७५०. बुल्सआय किंवा टाइटग्रुपसारख्या पावडरी थोड्यात काम करतात आणि अचूकही आहेत. पण तुमच्याकडे .३८ स्पेशल आहे. हे काडतूस १८९८ मध्ये आलं ते काळ्या दारूसाठी, म्हणून त्याची केस लांब आहे. आजची दाट पावडर तिच्या तळाशी कुठेतरी पडून राहते. चुकून दुसऱ्यांदा चार्ज पडला तरी केस ओसंडत नाही, वरून नजर टाकली तरी काही वेगळं वाटत नाही. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर उघडे पडतात ते बहुतेक अशाच डबल चार्जने. म्हणून पिस्तुलासाठी पावडर निवडताना मी वेगाआधी फुगीरपणा बघतो. तेवढंच काम करायला जी जास्त जागा व्यापते ती नवख्याच्या हाती बरी.

फुगीर आणि मध्यम वेगाच्या पावडरींत सर्वांत जुनं नाव युनिक. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांच्या सांध्यावरची पावडर, आजही बनते, आणि तिच्यासाठी छापील डेटा (चार्जचे आकडे) नाही असं पिस्तुलाचं काडतूस शोधावं लागतं. बारा बोअरच्या काडतुसांतही चालते. तिच्या दोन तक्रारी आहेत: काजळी धरते, आणि चकत्या मोठ्या असल्यामुळे पावडर मेझरमधून (चार्ज मोजून टाकणाऱ्या यंत्रातून) एकसारखी पडत नाही. कधी चकत्या मानेत अडकतात, एका केसला कमी पडते आणि पुढच्या केसला जास्त. एकेक चार्ज तोलून भरणाऱ्याला हे चालतं. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (एका ओढीत अनेक कामं करणाऱ्या प्रेसवर) हँडल ओढत बसणाऱ्याला चालत नाही.

एचपी-३८ मेझरमधून फार सुरेख पडते. ९ मिमी, .३८ आणि .४५ मध्ये निशाणीवर नेम धरण्यापुरती तिच्याइतकी बिनतक्रार पावडर क्वचित मिळेल. पण युनिकपेक्षा जलद आहे आणि दाटही, म्हणून .३८ च्या केसमध्ये खाली बसते. या दोघींच्या मधली जागा हॉजडनच्या युनिव्हर्सलची. वेगाने युनिकच्या आसपास, चकत्या लहान म्हणून मेझरला सोपी, काजळी कमी. ९ मिमी, .३८, .३५७ या तिन्हींचा डेटा तिच्यासाठी छापलेला आहे, शिवाय बारा आणि वीस बोअरचाही. तुमच्या यादीला मी युनिव्हर्सल सांगेन. ती मिळाली नाही तर युनिक. तुम्ही .३८ कधीच भरणार नसता, फक्त ९ मिमी भरणार असता, तर एचपी-३८ सांगितली असती.

यात .३५७ ची एक तडजोड आहे, ती आधीच कबूल करून टाका. मॅग्नमचा पूर्ण जोर या पावडरी देत नाहीत. त्यासाठी मंद पावडर लागते, २४०० किंवा एच ११०. त्यातही एच ११० ला मुळीच सैलपणा चालत नाही. हॉजडन स्वतः सांगतं की छापलेल्या चार्जपेक्षा ती ३ टक्क्यांहून अधिक कमी करू नका, कारण कमी चार्जला ती नीट पेट घेत नाही आणि गोळी नळीत अडकू शकते. बाकी पावडरींत ‘खालून सुरुवात करा’ हा सुरक्षित नियम, आणि इथे तोच नियम आंधळेपणाने लावणं धोक्याचं. म्हणून पहिली पावडर म्हणून एच ११० कुणालाही सांगत नाही. शक्तिशाली .३५७ हवेच असतील तर थोडी तयार काडतुसं विकत घ्या आणि सराव .३८ वर करा.

ब्लू डॉट या पावडरीबद्दल एक सूचना, कारण जुन्या मॅन्युअलांत ती .३५७ ला हमखास सुचवलेली दिसेल. अलायंट कंपनीने २००८ मध्ये सुरक्षा-सूचना काढली: .३५७ मध्ये १२५ ग्रेनच्या गोळीमागे ब्लू डॉट वापरू नका आणि .४१ मॅग्नममध्ये तर ती मुळीच वापरू नका. जुनं पुस्तक असेल तर त्यातला तो भाग आजच खोडून टाका. डेटा नवा हवा म्हणतात तो यासाठी. आणि पावडर बनवणारा जो डेटा देतो तो इंटरनेटवर कुणी लिहिलेल्या आकड्यापेक्षा शंभर वेळा ग्राह्य, कारण त्यामागे दाब मोजणारी नळी असते.

९ मिमीला वेगळी सावधगिरी लागते. केस लहान, दाब .३८ च्या दुपटीहून जास्त. गोळी थोडी खोल बसली तरी आतली जागा घटते आणि दाब चढतो. म्हणून चार्जइतकंच काडतुसाच्या एकूण लांबीकडे लक्ष द्या. मॅन्युअलमध्ये ज्या गोळीने डेटा काढलाय ती तुमच्या गोळीहून आखूड किंवा लांब असेल तर नुसतं वजन जुळवून भागत नाही.

रायफलीच्या बाजूला निवड मला सोपी वाटते. तुमच्याकडे .२२३ आणि .३०८ आहेत. या दोघींच्या पसंतीचा वेग एकमेकांवर येतो त्या पट्ट्यात ४८९५, व्हारगेट, ४०६४, ८२०८ एक्सबीआर अशा पावडरी बसतात. ६.५ क्रीडमोर किंवा .२४३ वाले एच ४३५० ची स्तुती करतील, आणि त्यांच्या काडतुसांत ती खरीच आहे. पण .२२३ ला ती मंद पडते. केस काठोकाठ भरली तरी दाब उठत नाही. दुसऱ्या टोकाला ४१९८ आहे. .२२३ च्या हलक्या गोळ्यांत छान, पण .३०८ मध्ये नेहमीच्या गोळ्यांना ती फार जलद पडते.

त्या पट्ट्यातून मी एच ४८९५ काढेन. आयएमआर ४८९५ चा जन्म अमेरिकी लष्कराच्या .३०-०६ साठी झाला. महायुद्धानंतर ती ढिगाने शिल्लक राहिली, आणि ब्रूस हॉजडन यांनी ती विकत घेऊन घरगुती रीलोडरांना विकायला सुरुवात केली. आज दिसणारी हॉजडन कंपनी त्यातूनच उभी राहिली. एच ४८९५ हे त्याच वेगाचं आजचं रूप. ती हॉजडनच्या एक्स्ट्रीम मालिकेतली आहे, ऑस्ट्रेलियात बनते, आणि तापमान बदललं तरी वेग फारसा हलत नाही. थंडीत ठरवलेला लोड उन्हात तापलेल्या चेंबरमध्ये गेला की दाब किती चढतो, हा प्रश्न तिथे निम्मा सुटतो. बॉल पावडरी, उदाहरणार्थ एच ३३५, मेझरमधून इतक्या सहज पडतात की हात सोडवत नाही. पण त्यांतल्या अनेक तापमानाला हळव्या आहेत. कडक उन्हात नेमबाजी करणाऱ्याने हे विसरू नये.

एच ४८९५ ला मी पहिला नंबर देतो त्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. ती कमी चार्जलाही नीट पेटते. रायफलीच्या बहुतेक मंद पावडरी मोठ्या केसमध्ये फार कमी भरल्या तर बेभरवशाच्या होतात. दाणे केसमध्ये आडवे पसरतात, प्रायमरची (पावडर पेटवणाऱ्या टोपीची) ज्वाळा त्यांच्या वरून निघून जाते. कधी गोळी नळीत अडकते, तर क्वचित प्रसंगी दाब उलट अचानक उसळतो आणि रायफल तुटते. एच ४८९५ साठी हॉजडनने स्वतः सवलत छापली आहे: त्यांच्या डेटात ज्या काडतुसासाठी एच ४८९५ दिलेली आहे, त्याच्या कमाल चार्जच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली जाता येतं. ही मुभा या पावडरीपुरती आहे, ४८९५ आकडा असलेल्या दुसऱ्या डब्याला ती लावू नका. पण तिचा फायदा मोठा. घरात कुणी नवा नेमबाज असेल, खांद्याला धक्का सोसत नसेल, तर त्याच .३०८ मधून मऊ काडतुसं निघतात आणि पूर्ण ताकदीचीही निघतात, एकाच डब्यातून. माझ्या लेखी बहुउपयोगी म्हणतात ते याला.

शिवाय पुढे कधी .३०-०६, .२४३, .३०-३० किंवा .४५-७० घरात आली तरी तिचा डेटा तयार आहे. एम१ गॅरंडसारखी रायफल आली तर आणखी बरं. तिच्या ऑपरेटिंग रॉडला (बोल्ट मागे ढकलणाऱ्या दांड्याला) मंद पावडरींचा गॅस-पोर्टवरचा (नळीतून गॅस घेणाऱ्या भोकावरचा) उशिराचा दाब सोसत नाही, रॉड वाकतो. ४८९५ च्या वेगाला ती मुळातच बेतलेली आहे.

व्हारगेट दुसरी. .३०८ मध्ये जड गोळ्यांवर तिचा नेम कित्येकांना जास्त घट्ट वाटतो आणि तापमानाला तीही स्थिर. पण कमी चार्जची सवलत तिला नाही. आणि तिचा मोह सगळ्यांनाच आहे, त्यामुळे टंचाईत आधी तीच संपते. दोन्ही मिळत असतील तर एच ४८९५ घ्या. फक्त व्हारगेट मिळत असेल तर नाराज होऊ नका. ४०६४ चे दाणे लांब असतात, मेझरच्या ड्रममध्ये कापले जाताना खटके बसतात आणि चार्ज वर-खाली होतो. तोलून भरणार असाल तर तीही उत्तम.

रायफलीत पौंडाचा हिशेब वेगळा पडतो हे आधीच मनात धरा. समजा .३०८ ला ४५ ग्रेनच्या आसपास लागले तर पौंडात दीडशेच्या थोडीच वर काडतुसं निघतात. .२२३ ला २५ धरले तर २८०. (हे आकडे हिशेबासाठी आहेत, भरण्यासाठी नव्हेत. चार्ज मॅन्युअलमधूनच घ्यायचा.) म्हणजे पिस्तुलाचा एक पौंड वर्षभर पुरेल त्या वेळात रायफलीचे कितीतरी डबे संपतील. म्हणून पहिल्यांदा दोन्हींचा एकेक पौंडच घ्या. तुमच्या रायफलीला एच ४८९५ रुचली, नेम बसला, की मग मोठा डबा. मोठा डबा एकाच लॉटचा (एका वेळी बनवलेल्या मालाचा) असतो हा त्याचा मोठा फायदा. किरकोळ विक्रीच्या पावडरीत लॉट जुळवून घेतलेले असतात, तरी थोडा फरक राहतोच. नवा लॉट उघडला की कमाल चार्जवरून खाली या आणि पुन्हा चढत जा.

निवड झाल्यावर पाळायच्या काही गोष्टी निवडीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. टेबलावर एका वेळी एकच पावडर. हॉपरमध्ये (मेझरच्या वरच्या भांड्यात) उरलेली पावडर रात्रभर ठेवायची नाही, तिच्याच डब्यात परत ओतायची. दोन डब्यांतली उरलेली पावडर एकत्र करायची नाही, मग वरचं नाव एकच का असेना. .३८ चे चार्ज टाकून झाले की ट्रे दिव्याखाली धरून प्रत्येक केसमध्ये डोकावा. सगळ्या केसमध्ये पातळी सारखी दिसली पाहिजे. एखादी उंच दिसली किंवा रिकामी दिसली तर ती ओतून पुन्हा तोला. युनिव्हर्सल फुगीर असली तरी .३८ मध्ये डबल चार्ज ओसंडेलच असं नाही, तेव्हा तिच्या भरवशावर डोळे मिटू नका. झाडताना आवाज दबका आला, धक्का हलका वाटला, तर थांबा. शस्त्र रिकामं करा, नळीतून आरपार बघा. अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी गेली की नळी फुगते किंवा फुटते.

साठवणीला थंड, कोरडी जागा, मूळ डबा, आणि हवाबंद लोखंडी पेटी नको. स्मोकलेस पावडर उघड्यावर पेटली तर जळते, स्फोट होत नाही. पण घट्ट बंद पेटीत दाब साठत जातो. म्हणून कमकुवत सांध्यांची लाकडी पेटी सांगतात. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा नियमावलीत घरात मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत मुभा आहे, त्यावर ५० पौंडांपर्यंत किमान इंचभर जाडीच्या लाकडी पेटीत. तुमच्या देशाचे नियम याहून कडक असू शकतात. परवान्यावर काय लिहिलंय ते वाचा आणि त्याच्या आतच राहा.

आता ओळखीच्याकडचे जुने डबे. सीलबंद असतील, लेबल शाबूत असेल, आणि त्या पावडरीचा आजचा डेटा मिळत असेल तर घेऊन उघडून बघा. चांगल्या पावडरीला ईथरसारखा किंवा सौम्य सॉल्व्हंटचा वास येतो. नाकात चढणारा आंबट, आम्लाचा वास आला, दाण्यांवर गंजासारखी तांबूस धूळ दिसली किंवा तांबूस धूर डोकावला, तर आतला स्थिरक (पावडर टिकवणारं रसायन) संपलाय आणि पावडर विघटत आहे. अशी पावडर स्वतःच तापून पेट घेऊ शकते. ती कधीच वापरायची नाही. उघड्या जागेत, कोरड्या पानापाचोळ्यापासून दूर, थोडी थोडी पातळ पसरून लांबून पेटवून नष्ट करतात, अर्थात तिथल्या नियमांत बसत असेल तर. आधीच उघडलेले डबे मात्र घेऊ नका, वर नाव कितीही चांगलं असो. आत कुणी काय परत ओतलंय हे डब्यावरून कळत नाही, आणि दाण्याकडे बघून पावडर ओळखता येते असं सांगणाऱ्या माणसाच्या शेजारच्या बाकावर मी बसत नाही.